रोडगे भाजायच्या आत संपलेली मॅच

ये गं बाई, जरा जवळ सरक. पुण्यात बसली असलीस तरी सरक, आत्या बोलते तेव्हा कान इकडे पाहिजे. आणि ती हसणारी तोंडं कोणाला पाठवलीस ग्रुपवर? "आत्या, दहा ओव्हर का चाळीस ओव्हर यावरून कोणी पंगतीतून उठून जातं का?" असं लिहून खाली पिवळी तोंडं, सगळी दात काढणारी. मार खाशील. उठून गेला तो तुझा बाप होता, आणि ज्या पंगतीतून उठला ती माझी होती. तू त्या दिवशी आली नव्हतीस. नंतर जे ऐकलंस ते बापाच्या तोंडून ऐकलंस, म्हणजे त्यात बापाची चूक तुला सापडायची नाही. म्हणून लिहूनच काढते सगळं. वाचताना मधेच तो मोबाईल वाजला तर वाजू दे.

तुम्ही पोरं आमच्या वावरातल्या या मॅचला यायचात ते खेळायला आणि खायला. ती सुरू कशी झाली ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मी लग्न होऊन अमरावती जिल्ह्यातून, वरूडकडून, इकडे अकोल्यात बाळापूरच्या बाजूला आले. तिकडे संत्र्याचे बगिचे, इकडे नजर जाईल तिथवर काळं वावर, कपाशी नाहीतर सोयाबीन. पहिल्या हिवाळ्यात मला इथे इतकं करमत नव्हतं की मी विहिरीवर जाऊन रडायची. तेव्हा तुझा बाप मला भेटायला आला. एकटा आला असता तर सासूबाईंनी चहा पाजून संध्याकाळच्या गाडीला बसवलं असतं. हे त्याला माहीत होतं. म्हणून तो मित्रांचा टेम्पो भरून आला, संत्र्यांच्या क्रेटांवर बॅटी आणि काथ्याची गुंडाळलेली मॅट टाकून. तुझ्या आतोबांना, म्हणजे आमच्या ह्यांना म्हणाला, "भाऊजी, अमरावती विरुद्ध अकोला. हाय का दम?"

हे नवे जावई. दम नाही म्हणतील कसे?

विहिरीजवळच्या तुकड्यातलं सोयाबीन निघालेलं होतं. तिथे पाणी मारलं, रोलर फिरवला, मॅटीचे चारी कोपरे मोठ्या खिळ्यांनी ठोकले आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खेळले. माझा भाऊ दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होता. फिल्डिंग करता करता विहिरीवर यायचा, पाणी प्यायचा, माहेरचं एखादं सांगायचा, परत जायचा. तेव्हापासून दर हिवाळ्याला मॅच. त्या तुकड्यात ह्यांनी कधी हरभरा पेरला नाही. भावकीतले हसायचे, एवढी जमीन बॅट-बॉलसाठी पडीक ठेवता म्हणून. हे म्हणायचे, साळेबुवा येतात ना.

आता रोडग्यांचं सांगते, कारण सगळं तिथेच फिसकटलं. जाडसर दळलेल्या गव्हाचे हे मोठाले गोळे, गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजायचे. जगरा म्हणजे नुसता जाळ नव्हे गं. गोवऱ्या पेटवायच्या, ज्वाळा बसू द्यायच्या, धूर जाऊ द्यायचा, लाल निखारे झाले की मग त्यात रोडगे पुरायचे आणि वाट पाहायची. घाई केली की वरून कोळसा, आतून कणीक. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी नियम करून टाकला: पहिला डाव संपला की जगरा पेटवायचा. दुसरा डाव संपेपर्यंत रोडगे फुटून तयार. आम्हा बायकांजवळ कुठलं घड्याळ? मॅच हेच घड्याळ. त्यासाठी मला क्रिकेट शिकावं लागलं. डाव लवकर आटपणार की लांबणार हे चुलीपाशी बसून ओळखायला लागायचं. समोरचा बॅट कशी धरतो ते पाहून मी जाऊबाईंना सांगायची, "हा टिकते, गोवऱ्या राहू द्या अजून." नाहीतर, "लावा, लावा, आता लागोपाठ जाणार." बहुतेकदा खरं व्हायचं. म्हणून म्हणते, मला खेळातलं कळत नाही असं तुझ्या बापाने तुला सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढ.

भांडण सुरू झालं ते टीव्हीवरून. शहराशहरांच्या टीमा आल्या, वीस ओव्हरच्या मॅचा आल्या, मग कुठे शंभर बॉलच्या, कुठे दहा ओव्हरच्या. ह्यांना वेडच लागलं. संध्याकाळी जेवणाचं ताट टीव्हीसमोर, आणि फोन स्पीकरवर टाकून तुझ्या बापाला डिवचणं.

"पाहून राहिले का साळेबुवा? कसा ठोकून राहिला पोट्टा!"

"बाउंड्री कुठी हाय ते पाहा आधी. दोरी आत आणून आणून पिचवर ठेवली त्याईनं. तिथून तं माही बहीणबी सिक्स मारन."

"तुमी पाहा बावा पाच दिवस. जेवण होते, चहा होते, आन शेवटी कोणीच जिंकत नाही. पोरगी पाहाले जायचं आन नुसते पोहे खाऊन यायचं, तसं हाय तुमचं."

"आन तुमचं? मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच अक्षता फेकून मोकळे!"

सुरुवातीला मीही हसायची. मग हसण्यासारखं राहिलं नाही. हे म्हणायचे, दिवसभर वावरात राबलेल्या माणसाला तीन तासांत निकाल लागतो, निकाल घेऊन झोपता येतं, यात वाईट काय? खोटं नव्हतं ते. माझी जाऊ, जिने जन्मभर क्रिकेटला शिव्या दिल्या, तीसुद्धा या छोट्या मॅचा पाहायला बसायची आणि अंपायरला बोटं मोडायची. तुझा बाप म्हणायचा, "बॉलरचं काय काम हाय त्याच्यात? मशीन ठेवा एक. चार ओव्हर मार खायचा आन खुर्चीवर बसून टाळ्या वाजवाच्या." तेही खोटं नव्हतं. पण दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते. फोन ठेवल्यावर हे पुटपुटायचे, "मोठा आला शहाणा." तिकडे तुझा बाप काय पुटपुटायचा ते वहिनी मला सांगायची, ते इथे लिहीत नाही.

मला विचारशील तर दोघंही आपापली जागा राखत होते. तुझा बाप स्पिन टाकणारा. त्याची गंमत अशी की आधी मार खाणार, समोरच्याला फुगू देणार, आणि कधीतरी आठव्या-नवव्या ओव्हरला असा एक बॉल सोडणार की तो फुगलेला माणूस घरी जाईपर्यंत विचार करत राहील. त्याला दिवस लागतो. आणि आमचे हे? ह्यांना टिकून खेळणं कधी जमलं नाही. आल्या आल्या फिरवणार, आऊट होणार, आणि उरलेला दिवस बांधावरच्या कडुलिंबाखाली बसून दुसऱ्यांच्या चुका काढणार. मोठ्या मॅचमध्ये हे वर्षानुवर्षं लिंबाखाली बसले. दहा ओव्हरमध्ये नुसतं फिरवणंच लागतं, तिथे हे राजे. हे मी दोघांनाही तोंडावर सांगितलं. दोघांनाही राग आला. या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

मग गेल्या हिवाळ्यात तुझा आतेभाऊ, माझा मुलगा, म्हणाला यंदा फॉरमॅट बदलायचा. दहा ओव्हर, चार टीम, रंगीत टी-शर्ट, स्पीकर, माईकवर कॉमेंट्री. ह्यांनी लगेच होकार दिला, विचारलं कोणाला? तुझ्या बापाला नाही, मला नाही. वर पोरांनी ग्रुपवर लिलाव केला, खोटाखोटा, टीव्हीवर करतात तसा. तुझा भाऊ विकला गेला, गावातली कॉलेजची पोरं विकली गेली, आमचे हेही विकले गेले, घरचे मालक म्हणून थेट कॅप्टन. तुझ्या बापाला कोणी घेईना. कोणीतरी लिहिलं, "मामा अनसोल्ड." खाली हसणारी तोंडं. तेव्हाही तुझं एक होतं त्यात, मी पाहिलं आहे. शेवटी ह्यांनी लिहिलं, "चला, साळेबुवा माह्या टीममधी, आपलेच हायेत."

उपकार केल्यासारखं. ज्याच्यामुळे ही मॅच सुरू झाली त्याच्यावर उपकार! आणि अमरावती-अकोला राहिलंच नाही, सगळी मिसळ. माझ्या माहेरची टीमच उरली नाही त्या वावरात. तरी तुझा बाप आला. क्रेट घेऊन आला, उन्हं वर आल्यावर आला, कारण लवकर यायची गरजच नव्हती. पूर्वी तो तांबडं फुटायला यायचा. मी तेव्हाच समजले की यंदा तो विहिरीवर पाणी प्यायला यायचा नाही, तेवढा वेळच नसणार.

आमच्या ह्यांनी दोन सिक्स मारले. खरंच मारले, एक तर तुरीत गेला. त्यानंतर माणूस ऐकतो का कोणाचं? तुझ्या बापाला बॉल दिला. समोर गावातलं कॉलेजचं पोरगं, दंड भरलेलं. त्याने ओव्हर धुऊन काढली. माईकवरचा ओरडला, "मामाची ओव्हर, सगळ्याइची दिवाळी!" तुझा बाप हसला. मी ओळखते ते हसू, तो पुढच्या ओव्हरचा विचार करत होता. तेवढ्यात हे आले आणि बॉल हातातून काढून घेतला.

"बस साळेबुवा. आता फास्टवाल्याले देऊ."

"भाऊजी, हात तं गरम होऊ द्या माहा."

"तुमचा हात गरम होयेपरेंत मॅच थंडी होईन."

सगळं ग्राउंड हसलं. तुझा बाप जाऊन तुरीपाशी उभा राहिला, जिथे बॉल येत नाही तिथे.

आणि आम्ही बायका? आमचा नियम ठरलेला, पहिला डाव संपला की जगरा. दहा ओव्हर आहेत हे ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. गोवऱ्यांना काडी लावली, ज्वाळा बसायची वाट पाहत होतो, तोवर तिकडे ढोल वाजायला लागला. मॅच संपली! दुसरीसुद्धा अर्ध्यावर आली. माझा मुलगा पळत आला, "आई, पंगत बसवा, पाहुण्याइले निघायचं हाय." जाऊबाईंनी घाबरून धुरातच रोडगे टाकले. मी नको म्हणत होते. ऐकतं कोण?

पंगत बसली. मी तुपाची वाटी घेऊन वाढत येत होते. तुझ्या बापाने रोडगा फोडला. वरून काळाठिक्कर, आत पांढरी कच्ची कणीक. त्याने तो हातात उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"पाहा लेकहो! हे तुमचं दहा ओव्हरचं क्रिकेट. वरून जळलं, आतून कच्चं!"

पोरं हसली. हे नाही हसले. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "पटत नसन तं येत नका जाऊ. माह्या वावरात मी ठरवीन किती ओव्हर ते."

"तुमचं वावर?"

"मंग? तुमचा बगिचा हाय का इथं?"

तुझा बाप उठला. ताट तसंच, रोडगा तसाच. मी म्हटलं, "बस खाली." त्याने चूळ भरली. मी म्हटलं, "भाऊ, मी सांगून राहिली ना, बस." तो म्हणाला, "ताई, तुह्यावर राग नाही," आणि गाडीकडे गेला. कोणी अडवलं नाही. ह्यांनी तर वांग्याची भाजी परत मागून घेतली.

माझ्यावर राग नाही म्हणे! अगं, मग माझा रोडगा कशाला उचलून दाखवला गावाला? सकाळपासून कणीक मळून माझे दंड दुखत होते, आणि त्याला त्यात क्रिकेट दिसलं. आणि ह्यांना माझा भाऊ दिसला नाही, दहा ओव्हरचा दुष्मन दिसला. मला दोघांचा इतका राग आला की ते कच्चे रोडगे मी बैलांपुढे टाकले.

नंतरचं तुला थोडं माहीत आहे. राखी मी पाठवली, त्याने बांधून घेतली असं वहिनी म्हणाली. भाऊबीजेला तुझी आई आली, तुझा भाऊ आला. बाप नाही आला. बगिच्यात फवारणी आहे म्हणे. भाऊबीजेच्या दिवशी कोण फवारतं गं? त्या संध्याकाळी ओवाळणीचं ताट मी तसंच फळीवर ठेवून दिलं. ह्यांनी पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

सोयाबीन निघालं. सगळीकडे हरभऱ्याची पेरणी सुरू झाली आणि तो तुकडा हे दरवर्षीसारखे राखून बसले. मला वाटलं, मनातून नरमले असतील. मी तुझ्या बापाला फोन लावला. "येशील ना यंदा?" तर पलीकडून पहिला शब्द काय आला असेल?

"किती ओव्हर?"

मी फोन ठेवून दिला. ह्यांनी विचारलं, काय म्हणतात साळेबुवा? मी सांगितलं, किती ओव्हर विचारून राहिला. तर हे म्हणाले, "दहा. सांग त्याले."

तेव्हा मला कळलं की तुकडा माझ्या भावासाठी राखलेला नाही. तो भांडणासाठी राखलेला आहे. जोवर तो मोकळा आहे तोवर हे दोघं त्यात ओव्हरा मोजत बसणार आणि माझ्या दारात कोणी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी हे मोटारपंप दुरुस्तीला घेऊन अकोल्याला गेले. ट्रॅक्टरवाला विहिरीपर्यंत पेरत आला आणि थांबला. "काकू, ग्राउंड सोडतो ना?"

"पेर."

"काकांनी सोडाले सांगतलं हाय."

"काका अकोल्याले हायेत. मी हाय ना इथं. पेर."

त्याने दोनदा विचारलं. मग पेरलं. जमीन इतकी दबलेली की फाळ वर उड्या मारत होते.

हे संध्याकाळी आले, विहिरीवर पाय धुवायला गेले आणि तिथेच उभे राहिले. मी चुलीपाशी होते. हे दारात येऊन म्हणाले, "तूनं क्रिकेट संपवलं." मी म्हटलं, "हो." म्हणाले, "तुले काही वाटलं नाही?" मी म्हटलं, "तुमाले माहा भाऊ उठून गेला तवा काय वाटलं होतं?" त्यावर जेवले नाहीत. पुढे कितीतरी दिवस ह्यांचं ताट ओट्यावर आणि माझं चुलीपाशी.

आणि मग काय झालं ते तुला तुझ्या बापाने नक्की सांगितलेलं नाही. त्याला तुझ्या भावाकडून कळलं. त्याने फोन केला, पंगतीतून उठून गेल्यापासून पहिल्यांदा, आणि मला नव्हे, ह्यांना केला! हे ओट्यावर स्पीकर लावून बसले आणि मला आत सगळं ऐकू येत होतं.

"भाऊजी, खरं हाय का हे? ताईनं ग्राउंड पेरलं?"

"पेरलं बावा. मी अकोल्याले गेलतो."

"अवं पण एवढ्या वर्षाची दाबलेली पिच! कसा बॉल वळे तिथं!"

"वळे ना. मले तुमीच त्याच्यावर दहादा आऊट काढलं."

"डोकं फिरलं तिचं."

"आधीपासूनच हाय तसं. तुमी सांगतलं नाही लग्नात."

दोघं हसले. मला इतका संताप आला! मी ज्यांच्यासाठी हे केलं ते माझ्याच विरुद्ध एक झाले, आणि मला आत भाजी ढवळत ते ऐकावं लागलं. शेवटी तुझा बाप म्हणाला, "येतो एक दिवस. पाहून जातो काय करून ठेवलं तिनं." हे म्हणाले, "या. पण आता खेळाचं काय?" तर तो म्हणाला, "पाहू, लिंबापलीकडची जागा कशी हाय." लिंबापलीकडची! ऐकतेस ना? दोघांचं ओव्हरांवर काही ठरलेलं नाही, नवीन जागा मात्र शोधायला लागले.

हरभरा चांगला आला आहे. फक्त मधे मॅटीएवढा पट्टा विरळ आहे, झाडं खुरटी, वरून पाहिलं तर कोणालाही कळेल तिथे काय होतं. हे सकाळी तिथे जाऊन उभे राहतात. वाईट मलाही वाटतं, पण ते मी ह्यांना सांगायची नाही आणि तूही सांगू नकोस.

तर ऐक. तुझा बाप येतो येतो म्हणून बसला आहे, आलेला नाही. त्याचा मला भरवसा नाही, आज फोनवर हसेल, उद्या टीव्हीवर एखादी मॅच लागेल आणि परत फिसकटेल. म्हणून तू सुट्टी काढ, वरूडला जा, त्याला गाडीत घाल आणि घेऊन ये. हरभऱ्याचे घाटे भरत आले आहेत. वावरातच काटक्यांवर भाजून हुळा खाऊ, हात-तोंड काळं करू. तो ओव्हरांचं काही बोलला तर बोलू दे, मी पाहून घेईन दोघांना. पण उशीर करू नकोस गं, घाटे वाळले की मग नुसतं सोंगणीचं काम उरतं. येत्या रविवारी ये. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, पण ये.